भटकंतीतला प्रथमोपचार: वाचलेलं हातात कसं उतरवायचं?

रानवाट

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

काही महिन्यांपूर्वी आम्ही सहा जण एका डोंगरावरून उतरत होतो. शेवटचा टप्पा, घसाऱ्याची वाट, सगळे दमलेले. माझ्या पुढच्या मित्राचा पाय सटकला. तोल सावरायला त्याने हात टेकला तो नेमका धारदार दगडावर. मनगटाच्या जरा वर, आतल्या बाजूला तीन बोटं लांब जखम, आणि रक्त थेंब थेंब नव्हे, चांगलं वाहतंय.

माझ्या पाठीवर प्रथमोपचाराची भरगच्च पेटी होती. 'औषधपाणी हिच्याकडे' ही माझी ग्रुपमधली ओळख. पुस्तकं वाचलेली, व्हिडिओ तर किती पाहिले त्याला गणती नाही. आणि प्रत्यक्षात काय झालं? सॅक उतरवली, पेटी तळाशी होती म्हणून कपडे, बाटल्या सगळं बाहेर काढलं. पेटी उघडली तर वर गोळ्यांची पाकिटं. गॉझ सापडला, पण त्याचं वेष्टन घामेजल्या हातांनी फाटेना. शेवटी दाताने फाडलं. जखमेवर गॉझ दाबला आणि थांबलं का, थांबलं का म्हणत दर अर्ध्या मिनिटाने उचलून बघत राहिले. चार वेळा तरी उचलला असेल. दर वेळी पुन्हा भळभळ. मागून येणाऱ्या दुसऱ्या गटातल्या एक बाई खाली बसल्या, माझा हात जखमेवर दाबून वर स्वतःचा ठेवला आणि म्हणाल्या, "आता दहा मिनिटं बघायचं नाही. घड्याळ लाव."

दहा मिनिटांनी रक्त थांबलं होतं. मित्र ठणठणीत आहे, सात टाके पडले.

थेट दाब द्यायचा हे मला पाठ होतं. पण दाब म्हणजे किती जोर, किती वेळ, आणि तो देताना आपल्याच पोटात जो गोळा येतो त्याचं काय करायचं, हे हातांना कधी शिकवलंच नव्हतं. त्यानंतर मी दोन दिवसांचा, सोळा तासांचा प्रशिक्षण वर्ग केला. खास दूरवरच्या, मदत लवकर न पोचणाऱ्या जागांसाठीचा. शहरातल्या प्रथमोपचारात 'रुग्णवाहिका येईपर्यंत' हे गृहीत असतं. इथे मदत यायला दोन तास लागतील, कदाचित रात्र जाईल, हे धरून चालायचं.

पहिल्या दिवशी बराच वेळ पट्टीला हातही लावू दिला नाही. फक्त एकच सराव: जखमीकडे धावत जायचं नाही. थांबायचं, वर बघायचं, खाली बघायचं. दगड अजून येतायत का? आपण उभे आहोत ती जागा पक्की आहे का? जखमी एकच आहे की आणखी कोणी? हातमोजे चढवायचे आणि मग बोलायचं, "मी मदत करू का? काय झालं?" त्याने नीट उत्तर दिलं की एका वाक्यात तीन गोष्टी कळतात: शुद्ध आहे, श्वासाची वाट मोकळी आहे, श्वास चालू आहे. ही गोष्ट मला फार आवडली. पुस्तकात वाचली होती, पण समोर माणूस कण्हत पडलेला असताना तोंडातून ते वाक्य बाहेर काढणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टॉर्चच्या उजेडात प्रसंग उभे केले. माझी 'जखमी' पालथी पडलेली, पाय धरून ओरडत होती. मी पायाला मस्त आधार बांधला, मनात खूश. प्रशिक्षकांनी तिला कुशीवर वळवलं तर पोटाखाली लाल रंगाने भिजवलेलं फडकं. मी तिच्या अंगाखालून हात फिरवलाच नव्हता. ज्या जखमेचा आवाज होत नाही तीच आधी शोधायची, हे त्या फडक्याने मला शिकवलं.

विचारायचं हे की तुम्ही कुठून सुरुवात केलीत, आणि शिकलेलं टिकवता कसं? प्रमाणपत्र दोन-तीन वर्षं चालतं, पण हात त्याच्या आधीच विसरतात असं मला आत्ताच जाणवायला लागलंय.

नवखा

धागा अगदी वेळेवर आला. मी नुकताच ट्रेकला जायला लागलोय. सोळा तासांचा वर्ग लगेच जमेल असं वाटत नाही. तोपर्यंत किमान काय यायला हवं? आणि एक भीती आहे, आपल्या हातून काही उलटंच झालं तर? माणूस आणखी बिघडला तर?

शुश्रूषा

मी आपत्कालीन विभागात परिचारिका आहे, सुट्टीत डोंगरात जाते. नवखा, तुमच्या भीतीबद्दल आधी बोलते, कारण ती जवळजवळ सगळ्यांना असते.

ज्याचं हृदय थांबलंय त्याचं आपण आणखी वाईट करू शकत नाही. रक्ताभिसरण थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. बरगडी मोडेल म्हणून हात आखडता घेऊ नका. मोडते कधी कधी, ती भरून येते. हाक मारली, खांदे हलवले, प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तशी अधूनमधून उचकीसारखी धाप आहे, तर छातीच्या मधोमध दाब सुरू करायचा. मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटीमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. शिकलेला असेल त्याने ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत. न शिकलेल्याने नुसते दाब दिले तरी चालेल. दोन मिनिटांनी माणूस बदला. दमलेला माणूस उथळ दाब देतो आणि त्याला ते कळतही नाही.

हे एवढं वाचून येणार नाही. पुतळ्यावर एकदा तरी दोन मिनिटं सलग दाब देऊन बघा. पहिल्या मिनिटाअखेर कोपर वाकायला लागतं. फक्त सीपीआर (म्हणजे हेच छातीवरचे दाब आणि श्वास) आणि रक्तस्राव शिकवणारे काही तासांचे वर्ग असतात, तिथून सुरुवात करा.

रानवाट, तुमचं ते गॉझ उचलणं इतकं सार्वत्रिक आहे! गुठळी धरायला लागलेली असते, आपण ती दर वेळी खरवडून काढतो. दाबायचं, घड्याळ बघायचं, दहा मिनिटं हलायचं नाही. गॉझ भिजून रक्त वर आलं तर त्यावर दुसरा थर. तोही भिजला तर आपला दाब नेमक्या जागी पडत नाही असं समजायचं, दोन्ही काढून रक्त कुठून येतंय ते शोधायचं आणि तिथे बोटांनी नेटाने दाबायचं. तळहाताने आख्खी जखम झाकणं आणि बोटाने रक्तवाहिनीवर दाब देणं यात फार फरक आहे.

कातळ

मी प्रस्तरारोहण शिकवतो आणि असे वर्गही घेतो. रानवाटने लिहिलेल्या क्रमाला अनुमोदन. आम्ही नवीन मुलांना पहिल्या दिवशी सांगतो, आधी जे मिनिटांत मारतं ते बघा: धो धो रक्त, बंद झालेली श्वासाची वाट, न चालणारा श्वास. मग जे तासांत मारतं ते, आणि डोंगरात त्यात थंडी येते. मोडलेलं हाड दिसायला भयंकर असतं, म्हणून सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. मोडलेल्या हाताला वेळ असतो.

थंडीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक ती बर्फाशी जोडतात. पाऊस, वारा आणि भिजलेले कपडे एकत्र आले की तापमान शून्याच्या बरंच वर असतानाही माणूस गारठतो. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की तो हायपोथर्मिया. पण डोंगरात कोणी आतलं तापमान मोजत नाही, आपण माणूस बघायचा. बोलणारा गप्प होतो. चिडचिड करतो. पाय अडखळतात, शब्द जड येतात, जॅकेटची चेन लावता येत नाही. मी तर थंडीत गटातल्या प्रत्येकाला अधूनमधून अंगठा करंगळीला टेकवायला सांगतो. जमेना की थांबायचं. आणि कुडकुडणारा माणूस काही न करता कुडकुडायचा थांबला तर 'आता बरं वाटतंय वाटतं' असं समजू नका. शरीराची शक्ती संपत आलेली असते.

आता जखमी माणूस म्हणजे न हालणारा माणूस. त्याची उष्णता खालच्या जमिनीत जाते. वर चार जॅकेटं घालतात आणि खाली काही नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. आधी खाली मॅट, दोर, रिकाम्या सॅका, जे असेल ते. आडोशाला नेऊन ओले कपडे काढायचे, कोरडे घालायचे, वर वारा न शिरणारं प्लास्टिक. शुद्धीत असेल, नीट गिळता येत असेल तर गोड, गरम पाणी. फार गारठलेल्याला आदळआपट न करता आडवाच हाताळायचा. त्या अवस्थेत हृदय इतकं नाजूक असतं की धसमुसळेपणानेही त्याची लय बिघडू शकते. आणि हातपाय चोळत बसायचं नाही.

शंका

टूर्निकेटबद्दल, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर आवळतात त्या पट्ट्याबद्दल विचारायचं आहे. आम्हाला शाळेत शिकवलं होतं की जखमेच्या वर दोरी घट्ट बांधा आणि दर पंधरा मिनिटांनी सैल करा. नंतर एका वर्गात सांगितलं की कधीच बांधू नका, हात-पाय कापावा लागतो. आता प्रत्येक पेटीत तो पट्टा दिसतो. नक्की काय खरं?

शुश्रूषा

तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळात शिकवल्या गेल्या आहेत, म्हणून गोंधळ साहजिक आहे. अलीकडच्या युद्धांमधल्या अनुभवानंतर मत बदललं. आज जे शिकवतात ते असं: हात किंवा पायातून जीव जाईल असा रक्तस्राव आहे आणि थेट दाबाने आटोक्यात येत नाही, किंवा दाब देत बसणं शक्यच नाही, तेव्हा टूर्निकेट. जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त पूर्ण थांबेपर्यंत आवळायचा. तो दुखतो, खूप दुखतो. माणूस ओरडला म्हणून सैल करायचा नाही. बांधल्याची वेळ दिसेल अशी लिहायची आणि पुढे डॉक्टरांनीच सोडायचा. दर पंधरा मिनिटांनी सैल करणं ही पद्धत घातक आहे, थोडं थोडं करून रक्त जात राहतं.

सुतळी, बुटाची नाडी, वायर नको. अरुंद वस्तू कातडीत रुतते, नसांना इजा करते आणि आतली रक्तवाहिनी बंद होईलच असं नाही. तयार पट्टा नसेल तर रुंद कापड आणि पिळायला मजबूत दांडी लागते, आणि हे आधी शिकून, करून पाहिलेलं हवं. जांघेत किंवा काखेत पट्टा बसतच नाही. तिथे जखमेत गॉझ ठासून भरून वरून नेटाने दाबतात.

साध्या कापलेल्या बोटाला टूर्निकेट बांधून आलेली माणसं मी पाहिली आहेत. तसं नको.

साप चावल्यावर हा पट्टा बांधायचा नाही, हेही इथेच सांगते. चिरा नको, चोखणं नको, बर्फ नको. अंगठी, घड्याळ, कडं काढा, कारण सूज येणार. चावलेला भाग मोडलेल्या हाडासारखा आधार देऊन स्थिर ठेवा, माणसाला शक्यतो चालवू नका, आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयाकडे निघा. ऑस्ट्रेलियात आख्ख्या हातापायाला दाबपट्टी गुंडाळायला शिकवतात, ती तिथल्या सापांसाठी. काही सापांचं विष चावलेल्या जागची कातडी-मांसच सडवतं, तिथे ती अपायकारक ठरू शकते. तेव्हा ज्या भागात जाणार तिथली शिफारस जाण्याआधी विचारून घ्या. सापाला मारायच्या किंवा पकडायच्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. लांबून फोटो मिळाला तर पुरे, नाही मिळाला तरी उपचार अडत नाहीत.

चाकावरची

आम्ही लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांनी डोक्याला मार आणि उन्हाची झळ, या दोन गोष्टी घोटून घेतल्या आहेत.

एका मोठ्या राइडला, भर दुपारी, आमच्यातला एक जण सरळ रस्त्यावर नागमोडी चालवायला लागला. थांबवलं तर म्हणाला, "मी ठीक आहे." दोनच मिनिटांनी मला विचारलं, "आपण कुठे चाललोय?" अंग भट्टीसारखं. आणि घाम येत होता! मी तोवर समजत होते की उष्माघातात घाम बंद होतो, म्हणजे हा उष्माघात नाही. हा समज धोकादायक आहे. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम असतोच बहुतेकदा. खूण एकच धरायची: तापलेलं अंग आणि बिघडलेलं भान. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

आमच्यातल्या एकीला ते लगेच कळलं. सावलीत आडवा केला, जर्सी काढली, नऊ जणांच्या बाटल्यांतलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं आणि नकाशाच्या पुठ्ठ्याने, हेल्मेटने, मिळेल त्याने वारा घातला. मी त्याला पाणी पाजायला निघाले होते, तिने माझा हात धरला. भान नसलेल्याला पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मदतीला फोन केला होता, पण गाडी येईपर्यंत थंड करणं थांबवलं नाही. आधी थंड करा, मग हलवा. जवळ तळं, ओढा, टब काही असेल तर डोकं वर धरून गळ्यापर्यंत पाण्यात बसवणं सगळ्यात उत्तम. पाण्यात असेपर्यंत सोडायचं मात्र नाही.

याची उलटी बाजूही आहे. 'पाणी प्या, पाणी प्या' करून काही जण तासन् तास नुसतं पाणी ढोसत राहतात आणि रक्तातलं सोडियम घसरतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजलेली, अंगठी घट्ट, मग गोंधळ. त्याला आणखी पाणी पाजलं तर घात होतो. तहानेप्रमाणे प्यायचं, बरोबर खारट काहीतरी खायचं.

कातळ

चाकावरची, हेल्मेटचा विषय काढलात म्हणून. पडलेल्या माणसाचं हेल्मेट काढायची घाई नको. श्वासाच्या आड येत असेल किंवा सीपीआर द्यायचा असेल तरच, तेही दोघांनी, एकाने मान धरून. आणि डोक्याला मार लागल्यावर 'मी बरा आहे, चला' म्हणणाऱ्याला परत सायकलवर किंवा दोरावर घ्यायचं नाही, त्या दिवशी तर नाहीच. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, झापड, दोन बुबुळं लहानमोठी, कानानाकातून पाण्यासारखा स्राव, फिट, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय.

लाट

मी खुल्या पाण्यात पोहतो. पाण्याचा विषय कोणी काढला नाही म्हणून.

बुडणारा माणूस ओरडत नाही. त्याला श्वासच घेता येत नसतो, तर ओरडणार कशाने? डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूंना पाणी दाबतायत, पाय चालत नाहीत. काठावरून बघणाऱ्याला वाटतं खेळतोय. हे चित्र एकदा डोळ्यात बसवा.

आणि उडी मारू नका. मी चांगला पोहणारा, तरी मला पहिले दोन तास हेच शिकवलं. काठावर आडवं पडून काठी, फांदी, वल्हं पुढे करा. नाहीतर दोर, रिकामी बंद बाटली, हवेची पिशवी, जे तरंगेल ते फेका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या खांद्यावर चढतो आणि एकाचे दोन होतात.

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढायची पद्धत सोडून द्या. वेळ जातो आणि उलटी फुप्फुसात जाते. इथे हृदय ऑक्सिजन संपल्यामुळे थांबलेलं असतं, म्हणून श्वास आधी. शिकलेल्याने दोन ते पाच श्वास देऊन मग दाब सुरू करायचे, पुढे ३० ला २. नुसते दाब पुरतात हे शुश्रूषा यांनी लिहिलंय ते एरवी खरं, पण बुडालेल्याला श्वास लागतातच. मला वाटतं जो नदी-समुद्राकाठी जातो त्याने श्वास द्यायला शिकलंच पाहिजे. आणि शुद्धीवर येऊन उठून बसला तरी त्याला डॉक्टरांना दाखवायचंच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

शुश्रूषा

लाट, बरोबर आहे, तो अपवाद मी लिहायला हवा होता. विजेचं पण तसंच आहे. वीज पडलेल्या माणसात विद्युतभार उरत नाही, हात लावायला भिऊ नका. अनेक जण एकदम पडले असतील तर जे ओरडतायत ते जगणार आहेत, जे निपचित आहेत त्यांच्याकडे आधी जायचं. एरवी एकदम अनेक जखमी असले की श्वास थांबलेल्याला शेवटी घेतात, त्याच्या अगदी उलट. तिथे लगेच सुरू केलेल्या सीपीआरने माणूस परत येण्याची शक्यता चांगली असते.

दोन पिल्लांची आई

आमची मुलं आठ आणि अकरा वर्षांची. धाकट्याला गांधीलमाशी चावल्यावर एकदा आख्ख्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. तेव्हापासून डॉक्टरांनी दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन पेन आमच्याकडे असतं. माझी सगळ्यांना विनंती, ग्रुपमध्ये कोणाकडे असं पेन असेल तर ते कुठल्या कप्प्यात आहे आणि कसं वापरायचं हे निघण्याआधी किमान दोघांना दाखवा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं. त्रास वाढत असेल तर आधी पेन, ॲलर्जीची गोळी हा त्याला पर्याय नाही. श्वास लागत असेल तर बसवून ठेवा, चक्कर येत असेल तर आडवं करून पाय वर, आणि बरं वाटलं तरी रुग्णालय गाठायचं, कारण काही तासांनी तो झटका परत येऊ शकतो.

मुलांना आम्ही तीनच गोष्टी शिकवल्यात. चुकलात तर झाडाला मिठी मारून तिथेच थांबा. शिट्टी गळ्यात हवी: मिनिटाभरात सहा वेळा, मग एक मिनिट गप्प, पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटात तीन शिट्ट्या आल्या की समजायचं आपल्याला ऐकलंय. आणि फोनवर बोलायचा सराव: कुठे आहोत, काय झालं, किती जण. धाकटा आता मला म्हणतो, "आई, फोन आधी मी ठेवायचा नाही, त्यांनी ठेवायचा."

जुनी पानं

थोडं मागचं. हे सगळं सामान्य माणसाला शिकवता येतं, ही कल्पना फार जुनी नाही. १८५९ साली सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी तसेच पडलेले हेन्री ड्युनांने पाहिले आणि गावातल्या बायाबापड्यांना घेऊन जमेल तशी शुश्रूषा केली. रेड क्रॉसची सुरुवात तिथे आहे. १८७७ मध्ये इंग्लंडात सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन निघाली आणि कामगारांना, पोलिसांना प्रथमोपचार शिकवायला लागली. जर्मन शल्यविशारद एस्मार्क यांनी त्रिकोणी पट्टी लोकप्रिय केली. आणि छातीवर दाब देण्याची आजची पद्धत १९६० मध्ये कौवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबोकर यांनी मांडली. त्याच वर्षी नॉर्वेतल्या लार्डाल या खेळणी बनवणाऱ्याने सरावाचा पुतळा बाजारात आणला. म्हणजे ज्या पुतळ्यावर आपण हात चालवतो तो एका खेळणीवाल्याने केलेला आहे. मला हे फार हृद्य वाटतं.

नवखा

सगळं वाचून काढलं. कालच चार तासांच्या वर्गाला नाव घातलं. पेटीत काय ठेवू तेवढं सांगा.

कातळ

जे वापरायला येतं तेवढंच. बाहेरच्या कप्प्यात, एका हाताने उघडेल अशा पिशवीत: हातमोज्यांच्या दोन जोड्या, गॉझ भरपूर, रुंद क्रेप बँडेज दोन, त्रिकोणी पट्टी दोन, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, श्वास देण्यासाठी मास्क, चकचकीत पातळ ब्लँकेट, शिट्टी, पेन्सिल आणि कागद. जखम धुवायला स्वच्छ पिण्याचं पाणी. टूर्निकेट चालवायला शिकलात की तो. स्वतःची रोजची औषधं वेगळी. गोळ्यांची दुकानं नकोत.

कागद-पेन्सिलीला लोक हसतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी नाडी, श्वास, शुद्ध किती आणि वेळ, एवढं लिहा. एकदा बघितलेली नाडी काही सांगत नाही, चार वेळा लिहिलेली सांगते की माणूस सावरतोय की चाललाय.

स्प्लिंट विकत घ्यायची गरज नाही. ट्रेकिंगची काठी, गुंडाळलेली मॅट चालते. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा धरून बांधा. आणि बांधण्याआधी व नंतर बोटांची ऊब, संवेदना, हालचाल तपासा. नंतर बोटं गार पडली किंवा मुंग्या आल्या तर सैल करून पुन्हा बांधा. नुसता घोटा मुरगळला असेल आणि चार पावलं टाकता येत असतील तर बूट न काढता वरून आधार बांधून हळूहळू उतरवता येतं. बूट काढला तर सुजेमुळे परत चढायचा नाही.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. विचारलं होतं एक, मिळालं पुष्कळ.

टिकवायचं कसं याचं उत्तर आम्ही आमच्यापुरतं ठरवलं. प्रत्येक ट्रेकच्या आधी, निघण्याच्या ठिकाणी, वीस मिनिटं. चिठ्ठी उचलायची, त्यावर प्रसंग, एकाने जखमी व्हायचं, बाकीच्यांनी काय करायचं ते आधी बोलायचं नाही. परवा पहिल्यांदा केलं. पहिल्याच वेळी चौघं एकदम धावले आणि घसाऱ्याकडे कोणीच बघितलं नाही. फोन कोणी करायचा ते ठरलं नाही म्हणून कोणीच केला नाही. आता नाव घेऊन सांगायचं, "तू फोन कर आणि करून मला येऊन सांग," असं ठरलंय.

दुसऱ्या फेरीत ज्याचा हात कापला होता तोच मित्र जखमी झाला. त्याच हाताची पांढरी वण असलेली बाजू पुढे करून झाडाखाली पडला. माझी पिशवी आता सॅकच्या वरच्या कप्प्यात असते, गॉझच्या वेष्टनांना आधीच छोटी चीर देऊन टेप लावून ठेवलीय. एकाने मोबाइलवर वेळ लावली. सॅक पाठीवरून उतरल्यापासून गॉझ जखमेवर पोचेपर्यंत अकरा सेकंद. मग मी दाबून बसले, दहा मिनिटं, पूर्ण. सातव्या मिनिटाला तो म्हणाला, "बोटं सुन्न झाली, जरा सैल कर ना." मी नाही केलं. आधी त्याच्या बोटांची नखं दाबून बघितली, रंग लगेच परत येत होता.

पुढची चिठ्ठी थंडीची आहे. अंगठा करंगळीला टेकवायचं लक्षात ठेवलंय.